तुम्ही विचारलंत म्हणून : कच्चं अंडं प्यावं का?

"काकू, कच्चं अंडं पेलं का डबल ताकद येते म्हंतेत, खरं हाये का वो?"

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की हा प्रश्न आमच्या अंगणात येतोच. दारव्ह्याकडचं आमचं गाव. पोट्टे पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करतात आणि परतताना घामाघूम माझ्या दारात उभे. माझ्याकडे बावीस गावरान कोंबड्या आहेत, आणि दिवसा मी अंगणवाडीत असते, म्हणून खाण्यापिण्याचं काहीही असलं की लोक मलाच विचारतात.

एकदा एकानं माझ्यासमोरच अंडं ओट्याच्या कडेवर टिचकावलं, अंगठ्यानं भोक पाडलं, मान मागे टाकली आणि गटकन गिळलं. कवचाला कुटाराची काडी आणि वाळलेली शीट चिकटली होती. ती त्याच्या ओठाला लागली. त्यानं मनगटानं पुसली आणि दुसरं मागितलं.

तर उत्तर : डबल सोडा, निम्मीच ताकद पदरात पडते.

आपल्याकडे धारोष्ण दुधापासून एक समज आहे, की चुलीवर चढलं की कस गेला. अंड्याचं गणित वेगळं आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, ती दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीसारखी. आच लागली की गाठ सुटते आणि पोटातल्या रसांना ती फोडता येतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली हे माणसांवर मोजून पाहिलं. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली ५१ टक्के. म्हणजे चार कच्ची अंडी पिऊन जे अंगी लागतं, ते दोन-सव्वादोन उकडलेल्यांत मिळतं. शिजवताना थोडी जीवनसत्त्वं कमी होतात, हे खरं. पण ती फार थोडी.

कच्च्या पांढऱ्या बलकात ॲविडिन नावाचं एक प्रथिन असतं, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. एक-दोन अंड्यांनी काही बिघडत नाही, महिनोन्‌महिने ढीगभर पिणाऱ्यानं मात्र विचार करावा. शिजवलं की ॲविडिनचा जोर संपतो.

आता भीतीचं. साल्मोनेला नावाचा जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतो. शिटेवाटे कवचाला लागतो, आणि कधी कधी कोंबडीच्या अंडाशयातूनच, कवच तयार होण्याआधी, अंड्याच्या आत शिरतो. अशी कोंबडी वरून ठणठणीत दिसते. अंड्याला वास येत नाही, रंग बदलत नाही. पाण्यात टाकून तरंगतं का पाहतात, त्यातून अंडं शिळं आहे की ताजं एवढंच कळतं. आणि "गावरान हाये, त्याले काय होते" हे मला पटत नाही. माझ्या कोंबड्या दिवसभर उकिरडाच उकरतात.

बहुतेक अंडी निर्धोक असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कच्ची पिणारे मामा-काका गावोगावी सापडतात. आमचा भाचाही त्यांच्याच वाटेवर होता. मे महिना, पारा पंचेचाळीसवर, आणि अंडी चार दिवस फळीवरच्या टोपलीत. टोपली माझी, फळी माझी, त्यामुळे चूकही माझीच. हा जंतू सदतीस अंशांच्या आसपास सगळ्यात जोमानं वाढतो. आमच्या उन्हाळ्यात त्याला रात्रीही उबेची वाण नाही. पोरानं संध्याकाळी तीन अंडी दुधात फेटून घेतली. दुसऱ्या दिवशी रात्री हुडहुडी, पोटात मुरडा, जुलाब. दोन सलाइन लागल्या. मैदानी चाचणीच्या दिवशी तो भिंतीला धरून संडासात जात होता.

तो तरणा होता, निभावला. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं लेकरू, म्हातारं माणूस, यांना हेच जिवावर बेतू शकतं. म्हणून बाळंतिणीला "गरम दुधात अंडं" देणाऱ्या आजीबाईंशी मी भांडते. चुलीवरून उतरवलेल्या दुधात अंडं पुरतं शिजेलच असं नाही. पिवळा बलक घट्ट व्हायला सत्तर अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि तो घट्ट झाला की जंतूही मेला असं धरून चालावं.

पोट्टे मग मोबाइल पुढे करतात : जपानी लोक गरम भातावर कच्चं अंडं फोडून खातात. खातात ना. तिथे अंडी धुऊन, तपासून विकतात, आणि डब्यावरची तारीखच कच्चं खाण्याच्या हिशेबानं घातलेली असते. आपल्याकडे ती खुराड्यातून ओंजळीत येतात.

घरी आणल्यावर अंडी धुऊन ठेवू नका. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो निघून जातो आणि बारीक छिद्रांतून घाण आत ओढली जाते. कोरड्या फडक्यानं पुसा, फ्रिज असेल तर त्यात ठेवा, तडा गेलेलं फेकून द्या. फोडल्यावर हात साबणानं धुवा, हे तर लहान पोरंही अंगणवाडीत शिकतात.

हल्ली मी पहाटेच पातेलं चढवते. पाण्याला उकळी आल्यावर बारा मिनिटं. पोट्टे ओट्यावर बसून सोलतात, मीठ-तिखट लावून खातात. कच्चं मागितलं तर देत नाही. उकडलेल्याचे दोन रुपये जास्त घेते, त्यावरून रोज कुरकुर होते. होऊ दे, गॅस काही फुकट येत नाही.