एका सहीसाठी अडलेले जर्नल : प्रथम वर्ष भौतिकशास्त्राचा माझा अनुभव

पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र अवघड असते, असे सगळेच सांगतात. परंतु जर्नलमधल्या एका सहीसाठी जवळजवळ महिनाभर अडकून पडावे लागते, हे मला कोणीही सांगितले नव्हते. पावसजवळच्या आमच्या गावातून मी रोज एसटीने कॉलेजला जात असे. लंबक, स्क्रूगेज आणि फ्लायव्हील हे प्रयोग ज्या त्या दिवशी पूर्ण झाले, त्यामुळे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. अडले ते स्पेक्ट्रोमीटरपाशी, म्हणजे प्रिझममधून जाताना प्रकाश किती अंशांनी वळतो ते मोजून काचेचा अपवर्तनांक काढायच्या यंत्रापाशी.

आमच्याकडे नियम असा होता की, रफ वहीतल्या रीडिंगवर त्याच दिवशी सरांची सही झालीच पाहिजे. सही नसेल तर प्रयोग फेअर जर्नलमध्ये उतरवता येत नाही, एक प्रयोग राहिला तर जर्नल सर्टिफाय होत नाही आणि सर्टिफिकेटशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत. राहिलेला प्रयोग फक्त शनिवारी करता येतो आणि त्यासाठीच्या अर्जावर बॅचचे सर, विभागप्रमुख आणि कार्यालय अशा तिघांची संमती लागते.

स्पेक्ट्रोमीटरवर माझा नंबर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आला. स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण आधी दूरच्या वस्तूवर जुळवायची असते. पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीने खिडकीतून समोरच्या माडाचा शेंडा धरला होता. तिने मला तो दाखवला तेव्हा झावळ्या खाली लोंबत होत्या आणि खोड वर आभाळात गेले होते, कारण या दुर्बिणीतली प्रतिमा उलटी दिसते. माझा नंबर येईपर्यंत पावसाची अशी झड आली की माडच काय, समोरचे कुंपणही दिसेनासे झाले. कशीबशी जुळवाजुळव करून मी पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशातली, प्रिझमने वेगळी केलेली हिरवी रेषा क्रॉसवायरवर, म्हणजे दुर्बिणीतल्या फुलीच्या तारांवर आणली आणि त्याच क्षणी वीज गेली.

ती पाच मिनिटांत परत आली, पण तो पाऱ्याचा दिवा, मर्क्युरी लॅम्प, काही लागला नाही. मला वाटले, दिवा बिघडला. प्रयोगशाळेतल्या काकांनी समजावले, “तो तापलाय, निवल्याशिवाय पेटायचा नाही. सारखी बटणे दाबू नकोस.” त्यामागचे कारण मी नंतर वाचले : तापलेल्या नळीत पाऱ्याच्या वाफेचा दाब इतका वाढलेला असतो की नेहमीच्या व्होल्टेजची वीज त्या वाफेतून पुन्हा वाहू शकत नाही. दिवा निवायला काही मिनिटे, पुन्हा पूर्ण उजळायला आणखी काही मिनिटे आणि एवढ्यात आमच्या बॅचची वेळ संपली. वही कोरी राहिली. म्हणून पावसाळ्यात हा प्रयोग असेल तर तासाच्या सुरुवातीलाच दिवा लावून ठेवावा आणि मिळेल ते पहिले रीडिंग ताबडतोब लिहून काढावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

बॅचच्या सरांनी आणि विभागप्रमुखांनी अर्जावर लगेच सही केली. कार्यालयात मात्र तो थांबला. गैरहजेरीचे कारण द्या, आजारपण असेल तर डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडा, असे मला खिडकीवर सांगण्यात आले. मी गैरहजर नव्हतेच, हजेरीपटावर माझी सही होती. वीज गेली होती. पण “वीज गेली” हे कारण त्यांच्या यादीत नव्हते. कोकणात, जुलै महिन्यात! खोटे सर्टिफिकेट आणायला मी तयार नव्हते आणि आजही मला तेच योग्य वाटते. या हेलपाट्यांत तीन शनिवार गेले. दोनदा मी दुपारची एसटी सोडली, एकदा साहेब जागेवर नव्हते आणि एकदा शिक्का कपाटात बंद होता. शेवटी सरांनी अर्जाच्या मागे “विद्यार्थिनी हजर होती, वीजपुरवठा खंडित झाल्याने प्रयोग अपूर्ण” एवढी एक ओळ लिहून दिली आणि काम झाले. ही ओळ पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवी होती. प्रयोग अर्धा राहिला तर सर वर्गाबाहेर पडण्यापूर्वीच वहीत तसा शेरा मागून घ्यावा.

चौथ्या शनिवारीही पाऊस होताच, पण या वेळी मी शूस्टरची पद्धत शिकून गेले होते. तिच्यात दूरची वस्तू लागतच नाही : प्रिझम किमान विचलनाच्या, म्हणजे प्रकाश कमीत कमी वळतो त्या स्थितीच्या, एका बाजूला फिरवून दुर्बिणीने आणि दुसऱ्या बाजूला फिरवून कॉलिमेटरने, म्हणजे दिव्याचा प्रकाश समांतर करणाऱ्या नळीने, प्रतिमा स्पष्ट करायची आणि दोन्हीकडे ती सारखीच रेखीव दिसेपर्यंत हे करत राहायचे. आमच्या हवेला हीच पद्धत सोयीची आहे.

रीडिंग घेतली तर हिरव्या रेषेचे किमान विचलन गोल मापपट्टी वाचायच्या एका खिडकीत ३८ अंश ५६ मिनिटे आले आणि दुसऱ्या खिडकीत ३२१ अंश ४ मिनिटे! सरासरी बरोबर १८० अंश. मला रडू यायचे बाकी होते. सरांनी वही पाहिली आणि दुसऱ्या खिडकीतल्या ३४२ अंश २० मिनिटे व २१ अंश १६ मिनिटे या दोन आकड्यांवर पेन्सिल टेकवून विचारले, “मध्ये शून्य ओलांडलेस ना?” गोल मापपट्टीवर ३६० नंतर पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. २१ अंशांत ३६० मिळवून वजाबाकी केली आणि तिथेही ३८ अंश ५६ मिनिटेच आले. प्रिझमचा कोन ६० अंश, म्हणजे काचेचा अपवर्तनांक १.५२. तो आकडा लिहिताना झालेला आनंद मला परीक्षेच्या निकालानेही दिला नाही.

एक सांगायचे राहिले : मुख्य मापपट्टीवर अर्ध्या अंशाच्या खुणा असतात. व्हर्नियरचे, म्हणजे बारीक मोजायच्या छोट्या सरकत्या पट्टीचे, शून्य त्या खुणेच्या पुढे गेले असेल तर ३० मिनिटे मिळवायला विसरू नये. आमच्या बॅचमधल्या निम्म्या वह्या त्यासाठीच परत आल्या होत्या. सरांनी त्याच दुपारी सही केली आणि मी पावणेपाचची एसटी पकडली.