मामा, हा काय करतोय?

शाळेच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळातून फोन आला तेव्हा मी गॅसपाशी दुधावर लक्ष ठेवून उभा होतो. "दोन पानं मनोगत आणि सोबत तुमचं एक व्यंगचित्र, पंधरा तारखेपर्यंत." मनोगत वेळेत देतो म्हटलं, चित्राचं मात्र सांगता येत नाही. पलीकडच्या बाई हसल्या. त्यांना हे उलटं वाटलं असणार. लिहायला वेळ लागतो, चित्र काय, पाच मिनिटांत होतं! तेवढ्यात दूध उतू गेलं.

पाच मिनिटांत चित्र होतं अशी माझीही समजूत होती, आठवीपर्यंत. मी 1983 च्या दहावीचा. आमच्या वेळी दर तुकडीचं एक हस्तलिखित निघायचं, खळीनं चिकटवलेलं, वर ब्राउन पेपरचं कव्हर. सुवाच्य अक्षरवाल्यांना लेख उतरवायचं काम, आणि "ह्याला चित्रं येतात" म्हणून माझ्या वाट्याला दोन व्यंगचित्रं. मला चित्रं येत होती म्हणजे काय, तर दिवाळी अंकातली बघून उतरवता येत होती. वांग्यासारखं नाक, टकलावर तीन केस, चेहऱ्याभोवती उडणारे घामाचे थेंब. एवढं जमलं की झालं व्यंगचित्र. मी काढलं होतं ते असं: पुण्याच्या पीएमटी बसचा थांबा, बस न थांबता निघालीय आणि एक जाडजूड गृहस्थ हात करून तिला थांबवतोय. आई म्हणाली, "छान." मित्र म्हणाले, "भारी." धाकट्या भावाला नाक फार आवडलं. मी खूश.

चित्रकलेच्या सरांनी कागद हातात घेतला, छान म्हणाले नाहीत आणि वाईटही म्हणाले नाहीत. "चल," म्हणाले आणि वर्गाबाहेर पडले. जिन्याखाली पाण्याच्या पिंपाशेजारी शिपाईमामांचं स्टूल असायचं. सरांनी कागद त्यांच्यासमोर धरला.

"मामा, हा काय करतोय?"

मामांनी कागद हातभर लांब धरून नीट पाहिला. "हा होय? डास मारतोय."

"नाही मामा, तो बस..."

"तू गप्प," सर म्हणाले. "हस्तलिखित वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगणार आहेस का, की डास नाही, बस आहे म्हणून?"

नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्या माणसाला डास आधी आठवावेत, यात मामांची काही चूक नव्हती. पण माझे कान तापले. त्याहून वाईट पुढेच होतं. वर्गात परत आल्यावर सरांनी जाड ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि माझा गृहस्थ टाळूपासून तळव्यापर्यंत सारवून टाकला. नाक गेलं, तीन केस गेले, घामाचे थेंब गेले. उरला एक काळा गोळा. हात मी छातीच्या समोर काढला होता, तो त्या गोळ्यातच बुडून गेला. "आता तूच सांग, काय करतोय?" मला सांगता येईना.

मग त्याच्या शेजारी सरांनी एक तिरकी रेघ ओढली, पुढे झुकलेली. ती पाठ. त्या रेघेवर डोकं आणि पोट आलं. हात शरीराच्या पार बाहेर काढला, त्याच्या टोकाला छत्री. एक पाय हवेत, आणि मागे रस्त्यावर पडलेली एक चप्पल. तेही सगळं काळंच. पुन्हा जिन्याखाली वरात. मामा लगेच म्हणाले, "बस चुकली बिचाऱ्याची." त्या माणसाला नाक नव्हतं, डोळे नव्हते. आणि सरांनी बसही काढली नव्हती!

"पाठीची रेघ आधी, नाक शेवटी," सर म्हणाले. "हाच माणूस उद्या तीस वेळा काढून आण."

तीस वेळा म्हणजे कागद किती लागणार? सरांच्या कपाटात जुन्या चाचण्यांच्या सायक्लोस्टाइल प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता. एका बाजूला 'रिकाम्या जागा भरा', दुसरी बाजू कोरी. या पाठकोऱ्या कागदांवर त्यांचा फार जीव. चांगल्या ड्रॉइंग पेपरवर पोरांचा हात आखडतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. आजही महागाच्या कागदासमोर मी सभ्य होतो. तर, पहिली दहा चित्रं एकसारखी आली, पंधराव्यापर्यंत जाम कंटाळा आला, आणि विसाव्याच्या आसपास तो माणूस आपला आपण वेगळं काहीतरी करायला लागला. एकदा पिशवी फाटून त्याचे बटाटे घरंगळले. एकदा तो धोतराचा सोगा दातात धरून पळाला. हे मी ठरवलेलं नव्हतं. तीसपैकी दोन सरांनी ठेवली, बाकीची परत दिली.

पुढचे सहा महिने रोज शाळा सुटल्यावर मी डेक्कनच्या थांब्यावर. सरांचा नियम सोपा होता: एका बसला एक माणूस. बस येऊन निघेपर्यंत चित्र पूर्ण. न झाल्यास ते सोडायचं, आठवणीनं भरायचं नाही. एवढ्या वेळात डोळे, बटणं, चपलांचे अंगठे काही सुचत नाहीत. वजन कुठल्या पायावर आहे, मान कुठे वळली आहे आणि हातातल्या ओझ्यानं खांदा किती खाली ओढलाय, एवढंच धरता येतं. एका आजोबांनी मला हटकलं. "आमचं काढलंस? दाखव." पाहिलं. "हे पोट आमचं? बरोबर आहे. कुठे छापू नकोस." प्रामाणिक अभिप्रायाच्या बाबतीत आपलं गाव कधीच कमी पडलेलं नाही.

पण खरा धडा मंडईचा. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई मी काढली. पाटी जड दाखवायची म्हणून तिची मान खाली घातली, पाठीला पोक काढलं, घामाचे थेंब पुन्हा एकदा उडवले. सरांना चित्र बरं वाटलं. मामांनी मात्र मान हलवली. "हिनं कधी ओझं घेतलेलं नाही." मला वाटलं, थट्टा करतायत. ते स्टुलावरून उठले, पाण्याची रिकामी कळशी डोक्यावर ठेवली आणि व्हरांड्यात चालून दाखवलं. मान ताठ, नजर समोर, हनुवटी जराशी वर. हलत होती ती फक्त कंबर, आणि पावलं नेहमीपेक्षा आखूड पडत होती. "मान वाकली की पाटी पडली. ओझं मानेत नसतं दिसत रे, पायात दिसतं." घंटा द्यायची वेळ झाली म्हणून कळशी खाली ठेवून ते गेले. सर तिथेच उभे राहिले, आणि मग माझ्याच कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःसाठी ती चाल काढून घेतली. चित्रकलेच्या शिक्षकाला शिपायाकडून शिकताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चेहऱ्यांचा सराव आम्ही पावसाळ्यात केला, बाहेर जाता येईना म्हणून. सोळा गोल काढायचे, भुवया चार तऱ्हेच्या, तोंडं चार तऱ्हेची. आडव्या ओळींत भुवया बदलायच्या, उभ्या ओळींत तोंड. डोळे सगळ्यांचे सारखे, दोन ठिपके. तेवढ्यावर सोळा निरनिराळे स्वभाव उभे राहतात, हे स्वतः काढल्याशिवाय पटत नाही. मामांनी त्यांना नावंच ठेवून टाकली. वर गेलेल्या भुवया आणि सरळ तोंड: "ह्याचे उसने पैसे परत येईनात." आतून खाली उतरलेल्या भुवया आणि हसरं तोंड: "हा लबाड. ह्याला चाव्या द्यायच्या नाहीत." एकाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "ह्याला काही झालेलंच नाही." तो मी घाईत काढला होता. पुढे वाचनात आलं की रोडोल्फ ट्योफर नावाच्या जिनिव्हातल्या एका शाळा चालवणाऱ्या गृहस्थांनी 1845 मध्येच लिहून ठेवलंय, चेहरा कितीही वाईट काढा, त्यावर कुठला ना कुठला भाव उमटतोच. तेही पोरांना रमवायला चित्रकथा काढत. त्यांच्या शाळेत आमच्या मामांसारखं कोणी होतं का, कोण जाणे.

मला आणखी एक खोड होती. चित्र कळणार नाही अशी धास्ती वाटली की मी लिहून टाकायचो. पिशवीवर 'महागाई', बसवर 'फुल्ल', खाली दोन ओळींचा संवाद. सर त्या ओळींवर अंगठा ठेवायचे आणि कागद मामांकडे द्यायचे. अंगठ्याखाली विनोद गेला, तर तो चित्राचा नव्हताच. बाबांच्या ऑफिसातला शिळा टाइम्स मी आणायचो, त्यातल्या आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांवरही आम्ही असाच अंगठा ठेवून पाहिला. तिथे ओळ लागते, खुमारी तिच्यातच आहे. पण चौकड्यांच्या कोटातला तो म्हातारा स्वतः अवाक्षर बोलत नाही, तरी त्याला काय वाटतंय ते कळतंच. त्यानंतर सरांनी कपाटातून 'मोहिनी' मासिकाचा एक जुना अंक काढला. मुखपृष्ठ शि. द. फडणीस यांचं. तरुणाच्या शर्टावर मांजरं, तरुणीच्या साडीवर उंदीर. अक्षर एक नाही. मामा हसले, आणि मग अंकच परत देईनात.

या सगळ्याचा शाळेच्या गुणपत्रिकेवर काडीचाही परिणाम झाला नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत मला 'सी' श्रेणी मिळाली. संकल्पचित्रात माझा रंग बाहेर गेला, भूमितीत कंपास घसरला. स्मरणचित्रात मात्र मी थांब्यावरची सगळी मंडळी रांगेत उभी केली होती, आणि परीक्षकांचं काय मत झालं असेल याचा अंदाज श्रेणीवरून येतोच.

शाळेच्या वार्षिक अंकात चित्र छापून आलं ती फजिती वेगळीच. टाकाने, काळ्या शाईत, आजीच्या नऊवारीच्या निऱ्या मी केसासारख्या बारीक रेघांनी भरल्या होत्या. दोन संध्याकाळी त्यात घातल्या. छपाईचा ब्लॉक करताना चित्र निम्म्याहून लहान झालं, रेघा एकमेकींत मिसळल्या आणि आजींचा कावळा झाला. छापखान्याचा दोष नव्हता, मी लहान होणार हे धरून काढलंच नव्हतं. तेव्हापासून चित्र भिंतीला टेकवून दहा पावलं मागे जाऊन बघतो. तिथून जी रेघ दिसत नाही ती छापतानाही टिकत नाही.

नववीत मोठ्या धाडसानं एका दिवाळी अंकाला तीन चित्रं पाठवली. 'साभार परत'ची छापील चिठ्ठी आली, बाकी काही नाही. मी दोन दिवस जेवलो नाही, निदान आईचं तसं म्हणणं आहे. सरांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "ह्यांनी तुला काहीच सांगितलेलं नाही. मग वाईट कशाचं वाटून घेतोस?" आणि चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे एक माणूस मावेल."

सरांचं सगळंच पटायचं असं नाही. त्यांनी खोडरबरावर घातलेली बंदी मला आजही मान्य नाही. चुकीची रेघ डोळ्यांसमोर राहू दे, म्हणजे पुढची तिच्यावरून सुधारते, हे तत्त्व म्हणून ठीक. पण तेरा वर्षांच्या पोराला एखादं पान स्वच्छ हवं असतं. मी घरी चोरून खोडायचो. त्यांना ते कळायचं, कारण कागदाचा तिथला पोत उठलेला असायचा.

नोकरी बँकेत झाली. चित्रं गृहपत्रिकेत आणि सोसायटीच्या फळ्यावर. व्यंगचित्रकार म्हणवून घेण्याइतकं काही माझ्या हातून झालेलं नाही. पण एका दिवाळीत कर्वे रस्त्यानं जाताना नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलो होतो, तर मंगेश तेंडुलकर गाड्यांमधून वाट काढत वाहतुकीवरची आपली व्यंगचित्रं असलेली शुभेच्छापत्रं वाटत होते. मलाही एक मिळालं. मी पत्र बघण्याऐवजी त्यांच्याकडेच बघत बसलो. ते पत्र हातात देऊन क्षणभर समोरच्याचा चेहरा बघत होते. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मला मात्र जिन्याखालचं स्टूल दिसत होतं.

सर गेले, मामाही गेले. आमच्या इमारतीतली एक आठवीतली मुलगी हल्ली टॅबवर कार्टून काढते आणि विचारते, "काका, कसं झालंय?" मी उत्तर देत नाही. तिला घेऊन खाली वॉचमनकडे जातो. पहिल्या वेळी ती रडवेली झाली होती. आता मला न सांगता एकटीच जाते.

तर संपादक मंडळाला द्यायचं चित्र. मी मामाच काढले आहेत, पितळी टोलासमोर, हातात लाकडी मोगरी, शाळा सुटायच्या आधीचा क्षण. पाठीची रेघ आधी घेतली. चांगलं जमलं असं वाटलं. सोमवारी सकाळी दूधवाल्याला दाखवलं.

"भाकरी थापतायत का?" त्यानं विचारलं.

नवीन चित्र काढायला घेतलंय. पंधरा तारीख टळेल, चार दिवस द्यावेत ही विनंती.