यादी जोडल्याशिवाय फाईल पुढे जात नाही म्हणे

सोलापुरात चादरीचा सेकंड माल स्वस्तात मिळतो, शिवणारे हात तर गल्लोगल्ली. मिळत नाही ती सभागृहाची परवानगी.

आम्हाला करायची होती एक भलीमोठी वाकळ. एलजीबीटी समाजाचा इतिहास, ज्याने त्याने आपापला तुकडा शिवायचा, मग सगळे जोडून सभागृहात टांगायचे. डोळ्यापुढे अमेरिकेतली एड्स क्विल्ट होती, एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत शिवलेली वाकळ. १९८७ साली वॉशिंग्टनला अंथरली होती ती, एकेक तुकडा तीन बाय सहा फूट, थडग्याच्या मापाचा. आम्ही टॉवेलच्या मापावर आलो, कारण एवढी जाड चादर मशीनखाली फिरवताना जीव जातो. (सुई १८ नंबरचीच घ्या. आणि चादर आधी धुवा, नाहीतर लाल रंग शेजारच्या तुकड्यात उतरतो.)

अट एकच होती. तुकड्यावर नाव नको. पिशवीत घालून पूर्व भागातल्या एका मैत्रिणीच्या घरी आणून ठेवायचा, कुणी काही विचारणार नाही. त्यामुळेच तुकडे आले.

आता ऑफिस. सभागृहवाले म्हणाले, आधी पोलिसांचं ना-हरकत आणा. पोलिस ठाण्यात म्हणाले, आधी सभागृहाची पावती दाखवा. हे होणार हे माहीत होतं. खरी गोम पुढे निघाली. ‘सहभागी कलाकारांची यादी जोडा, पत्ता, मोबाईल, आधारची झेरॉक्स.’

म्हटलं, साहेब, नावं देता येणार नाहीत.

‘मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. रांगोळीवाल्यांनी दिली की परवा.’

रांगोळी काढली म्हणून कुणाला घराबाहेर काढत नाहीत. आमच्यातली एक एका घरची सून, एक जण शिकवण्या घेतो. यादी कुठल्या टेबलावर उघडी पडेल याचा भरवसा काय? तिथेच चहाच्या कपाखाली कुणाचा तरी अर्ज होता, मोबाईल नंबर स्पष्ट वाचता येत होता.

नेमका त्याच सुमाराला १८७१ सालावर शिवलेला तुकडा आला होता. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्यात संशयित तृतीयपंथीयांची नावं आणि राहण्याची ठिकाणं रजिस्टरात नोंदवायची सोय होती. शिवणाऱ्याने काळ्या कापडावर नुसते वहीचे आखलेले रकाने काढले होते, रिकामे. तो फोटो मोबाईलमध्ये ठेवून मी त्या टेबलासमोर बसत होते. डोकं फिरायचं नुसतं.

तोंडी वाद घालू नका. ‘यादी कोणत्या नियमाखाली लागते ते लेखी कळवा’ असा अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. आम्ही सोबत खासगीपणाच्या हक्काचा २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल जोडला, लैंगिक कल खासगीपणात येतो म्हणणाऱ्या ओळींवर खूण करून, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा २०१८ चा निकालही. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही, पण फाईल जाड झाली तशी भाषा मऊ झाली. शेवटी आयोजक म्हणून माझं एकटीचं आधार आणि हमीपत्र. एवढ्यावर भागलं. सांगायचं होतं की आधीच!

एक राहिलंच. वाकळीचा आमचा सालवार आराखडा १८६० पासून, म्हणजे ३७७ कलमापासून सुरू होत होता. यल्लम्माला वाहिलेल्या, बाईच्या वेशात राहणाऱ्या जोगत्या मावशींनी बघितला आणि विचारलं, ‘तवर आम्ही नव्हतो का रं?’ सौंदत्तीच्या यल्लम्माची वारी कलमाला विचारून सुरू झालेली नव्हे. त्यांनी हिरव्या लुगड्याच्या तुकड्यावर कवड्या शिवून दिल्या. तो पहिला लावला, साल न घालता. म्हणून आराखडा आधी वयस्क माणसांना दाखवा, मग कापड कापा.

टांगायला वरच्या कडेला नेफा शिवून त्यात बांबू घाला. खिळे ठोकायला सभागृहवाले देत नाहीत, ठोकले तर अनामत कापतात. आम्ही एकही खिळा ठोकला नाही, तरी आमची अनामत अजून परत आलेली नाही. त्यासाठीही अर्ज दिलाय, शिक्का घेऊन.