पाच तारखा आणि लाल शाई: अर्जातल्या दुरुस्तीचा माझा अनुभव

आधी हे सांगते, कारण मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात काही लिहायचं राहून गेलं असेल, तर तो मागे घेऊ नका. दुरुस्ती करता येते. माझी झाली. मात्र त्यासाठी पाच तारखा गेल्या आणि तो राग अजून उतरलेला नाही.

सासर देवासचं, माहेर इंदूरला सुदामा नगरात. मुलीचं दप्तर आणि एक पिशवी घेऊन निघून आले. अर्ज इंदूरलाच दिला, कारण 2005 च्या कायद्याच्या कलम 27 प्रमाणे आपण तात्पुरत्या राहत असलो, तरी त्या ठिकाणी अर्ज करता येतो. संरक्षण अधिकारी, नोटीस, पहिली पेशी हे सगळं रीतसर पार पडलं. मुलीच्या शाळेची फी निघेल इतकी अंतरिम पोटगीही मिळाली.

घोळ अर्जातच होता. तो लिहिला तेव्हा मला आठवडाभर झोप नव्हती. टायपिस्टनं भराभर वाचून दाखवलं आणि मी सही केली. दागिन्यांबद्दल एकच ओळ होती, ‘सोने के जेवर ससुराल में हैं.’ कोणते, किती, कुणी घातलेले, काहीच नाही. शेवटच्या मागण्यांमध्ये तर स्त्रीधनाचा उल्लेखसुद्धा नव्हता. दोन महिन्यांनी जावेनं चोरून फोन केला, ‘वहिनी, लॉकर उघडलाय त्यांनी.’ मी स्वयंपाकघरात तशीच खाली बसले.

तेव्हाचे वकील सहज म्हणाले, “विड्रॉ करके नई लगा दो.” पण पोटगीचा हुकूम त्या अर्जावरच उभा होता. अर्ज मागे घेतला असता, तर हुकूमही गेला असता, आणि नव्या अर्जाला पुन्हा नोटिशीपासून सुरुवात. हे विचारलं तर म्हणाले, फिर माँग लेंगे. त्या दिवशी मी ठरवलं की दुसरा वकील बघायचा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे मला उशिरा कळलं, तुम्ही लवकर माहीत करून घ्या. 15100 वर फोन केला तरी सांगतात. तिथून मिळालेल्या मॅडम मराठी होत्या. कागद चाळून म्हणाल्या, “अगं, मागे कशाला घेतेस? आहे त्यातच घालू. फक्त मला मोघम काही नको, एकेक डाग सांग.”

त्या रात्री आई भिंग घेऊन लग्नाच्या अल्बमवर वाकली. सीमांतपूजनाच्या फोटोत माझा हात दिसतो. चार पाटल्या, दोन तोडे. गळ्यात मोहनमाळ आणि ठुशी, नाकात आजीची नथ. सराफ्यातल्या पेढीची दोन बिलं आईच्या कपाटात सापडली, उरलेल्यांना फोटोच आधार. हिंदी टायपिंगमध्ये पाटल्या आणि तोडे दोन्हींचं ‘कंगन’ झालं होतं, सहा कंगन! मॅडमनी तो कागद परत पाठवला. शब्द मराठीच ठेवायचा, पुढे वर्णन हिंदीत, शेजारी फोटोचा क्रमांक. दागिन्यांची यादी करताना नाव बदलू देऊ नका. पुढे उलटतपासणीत ‘कंगन कौन से’ असं विचारलं, तर तुम्हीच अडकाल.

दुरुस्तीच्या अर्जात तीन गोष्टी मागितल्या: कलम 19 खाली स्त्रीधन परत, कलम 18 खाली न्यायालयाच्या परवानगीशिवाय लॉकर न उघडण्याचा आदेश, आणि राहण्यासाठी भाड्याची रक्कम. सोबत शपथपत्र.

आणि मग सुरू झाल्या तारखा. पहिल्या तारखेला समोरच्या वकिलांनी उत्तरासाठी वेळ मागितला. दुसऱ्या तारखेला साहेब रजेवर. तिसऱ्या तारखेला वकिलांनी काम बंद ठेवलं होतं आणि मला ते आवारात पोचल्यावर कळलं. मुलगी तापानं फणफणलेली, तिला आईकडे सोडून आले होते. बाबूनं मान वर न करता पुढची तारीख सांगितली. मी दोनदा विचारलं, “माझा अर्ज लागला तरी आहे का?” उत्तर आलं नाही. कायद्यात लिहिलंय की पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत सगळं निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. माझी नुसती दुरुस्तीच त्याहून जास्त दिवस पडून होती, आणि लॉकरची किल्ली तिकडे होती.

चौथ्या तारखेला समोरून एकच मुद्दा आला: हा फौजदारी परिवाद (म्हणजे तक्रार) आहे, त्यात दुरुस्तीची सोयच नाही. मॅडम उभ्या राहिल्या. कलम 12 मध्ये शब्द ‘अर्ज’ आहे, म्हणाल्या, आणि इथल्या कितीतरी मागण्या दिवाणी स्वरूपाच्या आहेत. कलम 28 प्रमाणे न्यायालय स्वतःची कार्यपद्धती ठरवू शकतं. मग एप्रिल 2016 चा सर्वोच्च न्यायालयाचा कुनपारेड्डी निकाल पुढे केला. त्या बाईंचीही हीच गत झाली होती. दंडाधिकाऱ्यांनी दुरुस्ती मंजूर केली, सत्र न्यायालयानं तरतूद नाही म्हणून ती रद्द केली, उच्च न्यायालयानं परत दिली, आणि नवरा सर्वोच्च न्यायालयात जाऊन हरला. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. दुसऱ्या गावातली कोण कुठली बाई इतक्या पायऱ्या चढली म्हणून माझं काम एका दुपारी झालं, हे मी विसरणार नाही.

तुमच्या वकिलांनी ‘होत नाही’ म्हटलं, तर या निकालाचं नाव घ्या. साक्षी सुरू व्हायच्या आत अर्ज द्या, म्हणजे समोरच्याला ‘आमचं नुकसान झालं’ म्हणायला कमी जागा राहते. आणि हो, मूळ अर्जाची एक प्रत स्वतःजवळ असू द्या. माझी जुन्या वकिलांकडे अडकली होती, ती मिळवायला तीन फेऱ्या झाल्या.

पाचव्या तारखेला आदेश: दुरुस्ती मंजूर, मूळ अर्जात समाविष्ट करा, समोरच्याला वाढीव उत्तराची संधी. मॅडमनी फाइल मागून घेतली आणि समासात लाल शाईनं बारीक अक्षरात लिहू लागल्या. पाटली 4, तोडे 2, मोहनमाळ 1. प्रत्येक ओळीपुढे मी सही केली. नथ लिहिताना त्यांनी विचारलं, मोती किती? मी म्हटलं, सात. माझ्या लग्नात आजीनं ते माझ्या बोटाला धरून मोजून दाखवले होते.

वाढीव उत्तर पुढच्या तारखेला यायचंय. लॉकरचा आदेशही त्याच दिवशी मागणार आहोत.