पत्र आणि निबंध, एवढंच शिकवतो : रत्नागिरीतल्या आमच्या वर्गाची वाटचाल

रत्नागिरीत आमचा वर्ग सुरू झाला तो दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या शिकवणीसाठी. खेड, दापोली, राजापूर या बाजूच्या कितीतरी घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आखातात नोकरीला आहेत, आणि तिथल्या बहुतेक कामांना इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. पुढची पिढी कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडे बघायला लागली, नर्सिंग झालेल्या मुली ओईटीबद्दल, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेबद्दल, विचारायला लागल्या, आणि आमच्या कामाचं वळण बदललं. ऐकणं आणि वाचणं मुलं घरी मोबाइलवर सराव करून बऱ्यापैकी सुधारतात. लेखन मात्र कुणी जाणकाराने वही तपासल्याशिवाय सुधारत नाही. म्हणून बाकी सगळं हळूहळू बाजूला ठेवून आम्ही फक्त लेखन शिकवायला लागलो.

नवीन विद्यार्थी आला की आधी एकच विचारतो: कुठली संस्था किती गुण मागते? ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत वाचन, श्रवण, संभाषणात ७ लागतात, लेखनात ६.५ चालतात. ओईटी दिली तर इतर तिन्हीत ३५० आणि लेखनात ३००. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे स्थायिक होण्याच्या अर्जाच्या पद्धतीत, सीएलबी (कॅनडाचं भाषेच्या पातळीचं माप) ९ हवा असेल तर आयईएलटीएसच्या लेखनात ७ लागतात, आणि परीक्षा जनरल ट्रेनिंग या प्रकारची द्यावी लागते. विद्यापीठात शिकायला जाणाऱ्याला सहसा ॲकॅडेमिक प्रकारची. दोन्हींचा निबंध साधारण सारखाच असतो, पण पहिला प्रश्न पूर्ण वेगळा: जनरलला पत्र, ॲकॅडेमिकला आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेचं वर्णन. चुकीचा प्रकार निवडून नोंदणी केली तर फी आणि वेळ दोन्ही जातात. हे आकडे बदलतात, म्हणून नोंदणीआधी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याने स्वतः वाचावं असा आमचा आग्रह असतो. एजंटाच्या तोंडच्या माहितीवर कुणी पैसे भरू नयेत.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ जातो तो पत्रावर. शाळेत पत्राचा साचा पक्का बसलेला असतो: वर पत्ता, तारीख, विषय, मग ‘रिस्पेक्टेड सर’ आणि शेवटी ‘युअर्स ओबिडियंटली’. आयईएलटीएसच्या प्रश्नातच लिहिलेलं असतं की पत्ता लिहायची गरज नाही. विषयाची ओळही लागत नाही. नाव माहीत नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’, आडनाव माहीत असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’, मित्राला नुसतं नाव आणि शेवटी ‘बेस्ट विशेस’. या तीन जोड्या पहिल्याच तासाला पाठ करून घेतो, कारण हा भाग खरंच पाठांतराचा आहे.

पुढचं पाठांतराने जमत नाही. सरावाला आम्ही असा प्रश्न देतो: तुम्ही सुट्टीत एका होमस्टेमध्ये राहिलात, दोन दिवस गरम पाणी नव्हतं, व्यवस्थापकाला पत्र लिहा. काय घडलं ते सांगा, त्याचा काय त्रास झाला ते सांगा, त्यांनी काय करावं ते सांगा. बहुतेक वह्यांत सुरुवात होते ‘आय होप धिस लेटर फाइंड्स यू इन द बेस्ट ऑफ हेल्थ’ने, मग ‘आय वुड लाइक टू ब्रिंग टू युअर काइंड नोटिस’. दीडशे शब्दांच्या पत्रातले वीस-पंचवीस शब्द इथेच संपतात आणि वाचणाऱ्याला अजून काहीच कळलेलं नसतं. मग पाण्याची हकिगत रंगवून सांगितली जाते, त्रासाला एक वाक्य मिळतं, आणि तिसरा मुद्दा ‘काइंडली डू द नीडफुल’मध्ये उरकतो. गुण जातात ते इथे. नीडफुल म्हणजे नेमकं काय? पैसे परत हवेत की माफी हवी की गिझर दुरुस्त करून हवा? विद्यार्थ्याने तो निर्णयच घेतलेला नसतो. आम्ही त्याला पेन खाली ठेवायला लावतो आणि मराठीत विचारतो, ‘तुला काय हवंय?’ दोन रात्रींच्या भाड्यातला अर्धा भाग महिनाअखेरपर्यंत परत हवा, असं उत्तर आलं की इंग्रजी वाक्य त्याचं तोच करतो.

हिशेब असा ठेवतो: सुरुवातीला का लिहितोय हे सांगणारं एक वाक्य, वीस-पंचवीस शब्दांचं. तिन्ही मुद्द्यांना प्रत्येकी चाळीस ते पंचेचाळीस. शेवटाला पंधरा. म्हणजे किमान १५० शब्दांची अट पूर्ण करून १५५-१७५ वर पत्र थांबतं. त्याहून लांब लिहिण्यात फायदा नाही, तो वेळ निबंधाचा असतो.

ओईटीचं पत्र हे आणखी कसोटीचं काम. पाच मिनिटं फक्त वाचायला, त्यात लिहायला परवानगी नाही, मग चाळीस मिनिटं लिहायला, आणि मजकूर साधारण १८० ते २०० शब्दांचा. समोर रुग्णाच्या नोंदी असतात, आणि त्यातल्या सगळ्या पत्रात घालायच्या नसतात. सरावासाठी आम्हीच नोंदी तयार करतो. होडीवरून पडून खुब्याचं हाड मोडलेला मच्छीमार, शस्त्रक्रिया झाली, मधुमेह आहे, लहानपणी अपेंडिक्स काढलंय, घर चढावर, पायऱ्या उंच, बायको एकटीच सांभाळणार. पत्र घरी येणाऱ्या परिचारिकेला असेल तर जखमेची पट्टी, टाके काढायची तारीख, इन्सुलिनचं प्रमाण, चालण्याची स्थिती हे हवं. अपेंडिक्स नको, रोजचं नॉर्मल तापमानही नको. तेच पत्र समाजसेविकेला असेल तर पायऱ्या आणि बायकोवरचा भार वर येतो आणि पट्टीचा तपशील एका वाक्यात आवरतो. एकाच नोंदींवरून दोन वाचकांना दोन पत्रं लिहून घेणं, हा आमच्या वर्गातला सगळ्यात उपयोगी सराव आहे. पत्र कशासाठी हे पहिल्या परिच्छेदातच यायला हवं. ओईटीत त्याला स्वतंत्र गुण आहेत, तीनपैकी. बाकीच्या पाच निकषांना प्रत्येकी सात.

निबंधाला आयईएलटीएसमध्ये पत्राच्या दुप्पट वजन. २५० शब्द, आणि साठातली चाळीस मिनिटं त्यालाच द्यावीत: पाच मिनिटं विचार आणि आराखडा, तीस लेखन, पाच तपासणी. आराखड्याची पाच मिनिटं वाचवायला जाणारा मधेच अडकतो आणि खोडाखोड करत बसतो.

प्रश्न नीट न वाचणं हे निबंधातलं सगळ्यात मोठं दुखणं. ‘पर्यटनाने लहान गावांचा फायद्यापेक्षा तोटाच होतो, तुम्ही कितपत सहमत आहात?’ असं विचारलं की अर्धा वर्ग पर्यटनाचे फायदे आणि तोटे लिहून मोकळा होतो. विचारलंय मत, आणि किती प्रमाणात ते. मत कुठलं आहे यावर गुण ठरत नाहीत, ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत टिकतं का यावर ठरतात. उदाहरणासाठी ‘ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधनानुसार ८५ टक्के लोक’ अशी मनाने रचलेली आकडेवारी मुलं कुठूनतरी शिकून येतात. ती आम्ही सरळ काट मारून टाकतो. प्रश्नाखालीच सूचना असते की स्वतःच्या माहितीतली, अनुभवातली उदाहरणं द्या. तारकर्लीला स्कूबासाठी लोक येतात, गावातल्या घरांच्या खोल्या भाड्याने जातात, आणि मे महिन्यात त्याच गावात विहिरीचं पाणी पुरत नाही. हे उदाहरण खरं आहे, मुलाने स्वतः पाहिलेलं आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर चार वाक्यं सहज लिहिता येतात.

पाठ केलेली वाक्यंही परीक्षकाला लगेच ओळखू येतात. ‘इन धिस मॉडर्न एरा’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ यांनी काही मिळत नाही. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर त्याचंही श्रेय मिळत नाही.

व्याकरणाच्या चुका मराठी मुलांच्या बहुतांशी ठरलेल्या. ‘जरी… तरी’ची सवय असल्याने ‘ऑल्दो’नंतर पुन्हा ‘बट’ येतो. ‘दहा वर्षांपासून’चं ‘सिन्स टेन इयर्स’ होतं, तिथे ‘फॉर’ हवं. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’ला नको असताना एस लावला जातो. ‘डिस्कस’पुढे विनाकारण ‘अबाउट’ येतो. तारीख दिलेली असूनही ‘हॅज बीन ॲडमिटेड ऑन थर्ड मे’ लिहिलं जातं, तिथे ‘वॉज’ हवं. ‘ए’ आणि ‘द’ तर मराठीत नाहीतच, त्यामुळे ते सगळ्यात उशिरा सुधारतात. प्रत्येकाने आपल्या तीन नेहमीच्या चुका वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या आणि शेवटच्या पाच मिनिटांत फक्त त्या तीनच शोधायच्या. सगळं शोधायला गेलं की काहीच सापडत नाही.

तपासणीची आमची पद्धत ठरलेली आहे. पहिलं वाचन पेन हातात न घेता: प्रश्नाचं उत्तर मिळालं का? दुसऱ्या वाचनात चुकीखाली खूण, पण दुरुस्ती लिहून देत नाही. ती विद्यार्थ्याने करायची, आणि तोच मजकूर नव्याने लिहून पुन्हा दाखवायचा. सुधारणा होते ती या दुसऱ्या लेखनात. अशी एक वही तपासायला वीस मिनिटं सहज जातात, म्हणून एका बॅचला आठच जण घेतो. जास्त घेतले तर तपासणी वरवरची होईल आणि मुलांचे पैसे वाया जातील.

परीक्षा संगणकावर देणाऱ्यांना आम्ही वर्गातल्या डेस्कटॉपवर, स्पेलिंग सुधारणारी सोय बंद करून लिहायला लावतो. मोबाइल चुका परस्पर दुरुस्त करतो, त्यामुळे ‘अकोमोडेशन’मध्ये दोन एम आहेत हे मुलांना कळतच नाही. पीटीई ही संगणकावरची आणखी एक इंग्रजी परीक्षा देणाऱ्यांना वेगळा सराव लागतो: निबंध वीस मिनिटांत २०० ते ३०० शब्दांचा, आणि उताऱ्याचा सारांश ५ ते ७५ शब्दांच्या एकाच वाक्यात. दोन वाक्यं झाली की त्या प्रश्नाचे गुण शून्य.

परीक्षेला मुंबई, पुणे किंवा गोवा गाठावं लागतं. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकाने धावतात आणि घाटात दरडीची भीती असते, तेव्हा आदल्या दिवशी सकाळीच निघावं. फक्त लेखनातच गुण कमी पडले तर संगणकावर दिलेल्या आयईएलटीएसमध्ये मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत तेवढाच भाग पुन्हा देता येतो. असा निकाल सगळ्याच संस्था स्वीकारत नाहीत, ते आधी विचारून घ्यावं.

सध्या कुडाळ, सावंतवाडी, चिपळूणहूनही वह्यांचे फोटो येतात. ते छापून घेतो, कागदावरच तपासतो आणि फोटो परत पाठवतो. पहिल्या दिवशी येताना संस्थेच्या अटींची प्रत आणि वेळ लावून, कुणाचीही मदत न घेता लिहिलेलं एक पत्र घेऊन यावं. किती आठवडे लागतील ते पत्र वाचल्यावरच सांगतो.