कल्याणगड आणि पँटचं आसन
आज कल्याणगडला जाऊन आलो, आपल्या सातारा रोड स्टेशनजवळचा, नांदगिरीचा किल्ला म्हणतात तोच. गुहेत पार्श्वनाथाच्या मूर्तीपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागतं आणि आमचा एक भिडू जीन्स घालून आलेला, मग काय, कॉटननं जे पाणी धरून ठेवलं ते गाडीपर्यंत सुकलंच नाही, मांड्या सोलल्या बिचाऱ्याच्या. माझी पँट नायलॉनची, थोडं स्पॅन्डेक्स म्हणजे ताणणारा धागा असलेली, वरती वाऱ्यात वडापाव खाईपर्यंत वाळलीसुद्धा.

पण खरं सांगू का, कापडाच्या आधी पँटचं आसन बघा, म्हणजे दोन पायांमधला भाग. दुकानातच एक पाय स्टुलावर टाकायचा, उकिडवं बसायचं, लोक बघतात तर बघू देत. आसनात वेगळा तुकडा जोडलेला असला की कातळावर पाय उंच टाकताना शिवणीवर ताण येत नाही, नाहीतर टर्रकन आवाज येतो आणि मग दिवसभर शर्ट कमरेला बांधून फिरा. गुडघ्याशी चेन काढून हाफ होणाऱ्या पँटींचं मला काय कौतुक नाही, चढताना ती चेन बरोबर तिथंच घासते. खिशाला मात्र चेन पाहिजेच.

घोट्यापाशी आवळायला दोरी असली तर अजून भारी, कोयनेच्या जंगलात जळवा सहज आत शिरत नाहीत. पुढच्या रविवारी वैराटगड ठरतोय, कोण येतंय बोला.