काट्यावरच्या पीसीची तारीख

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये सकाळी वजनकाट्याचा पीसी सर्व्हरला लागेना. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. सर्व्हर नागपुरात, पोस्टग्रेस डेटाबेसचा. स्क्रीनवर एकच ओळ: 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड'. का फेल, ते ती ओळ सांगत नाही. याचा मला आजही राग येतो.

सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, तपासायची ही सेटिंग मीच लावलेली. आधी एसएसएलमोड (लाइनवरचं बोलणं एसएसएलने एन्क्रिप्ट करायचं का, ते ठरवणारी सेटिंग) 'प्रिफर' होता, म्हणजे सर्व्हरने एसएसएल नाही म्हटलं की गुमान उघड्यावर बोलायचं. त्याच लाइनवरून शेतकऱ्यांचे खाते नंबर जातात. म्हणून 'व्हेरिफाय-फुल' केलं: सर्टिफिकेट आपल्या रूटशी, म्हणजे आपण भरवसा ठेवतो त्या मूळ सर्टिफिकेटशी, जुळायला हवं, वर त्यातलं नावही सर्व्हरच्या नावाशी.

मॅनेजर म्हणाले, "ते रिक्वायर करून टाका ना, गाड्या खोळंबल्या." रिक्वायर म्हणजे एन्क्रिप्शन हवंच, पण समोर कोण ते बघायचं नाही. तरी रूटची फाइल जागेवर असली तर रिक्वायरही सर्टिफिकेट तपासतं, तेव्हा ती फाइलसुद्धा हलवावी लागली असती. मग उरलं काय? पाकीट डिंकाने बंद करायचं आणि समोर येईल त्याच्या हातात द्यायचं. मी नाही म्हणालो.

माझा लॅपटॉप तीच फाइल घेऊन पहिल्या झटक्यात लागला. तिथेच फसलो. तासभर काट्याच्या पीसीवर फाइल पुन्हा पुन्हा कॉपी करत बसलो. एक म्हातारे बाबा दारात आले. "काहून थांबलं भाऊ? रातच्या तीन वाजताचा आलो मी." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी त्याच पीसीवरून ओपनएसएसएल या टूलने सर्टिफिकेट तपासलं. एरर ९: सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. काट्याचं सॉफ्टवेअर अख्खी स्क्रीन व्यापतं; ते खाली केलं तेव्हा कोपऱ्यात तारीख दिसली, १ जानेवारी २०१२. पावतीवर तारीख सर्व्हरची येते, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही. रात्री लाइट गेली, यूपीएस उतरला आणि बंद पीसीचं घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल आधीच मेलेला. विंडोज वेळ आपोआप जुळवतं, पण फरक १५ तासांच्या वर गेला की हात लावत नाही.

तारीख हाताने टाकली, काटा सुरू झाला. सीआर२०३२ सेल बाजारात घड्याळवाल्याकडे मिळाला.

पावणेदोन तास गेले. मॅनेजर अजून म्हणतात, रिक्वायर केलं असतं तर पाच मिनिटांत सुटलं असतं. खरं आहे. आधी तारीख पाहिली असती तरी तेवढ्यातच सुटलं असतं, आणि बाबांचे बैल उन्हात जुंपलेले राहिले नसते.